सणांची घरगुती नावे : बेने इस्राएलांच्या धर्मेतिहासाचे एक परीक्षण

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी लिहिलेला बेने इस्राएल जमातीचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा झाला आणि तब्बल चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ग्रंथ इंग्रजीत आहे. तथापि त्यातील ज्या भागाकडे मराठीच्या अभ्यासकाचे लक्ष सर्वांत आधी जावयास हवे, तो भाग म्हणजे जमातीच्या जुन्या सणांची व उपवासांची यादी होय. नव्याचा सण, नव्याचा रोजा, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा सण, रमजान, एलियाहू हन्नाबीचा उरूस : ही नावे एकापाठोपाठ एक वाचली असता आपण यहुदी धर्माविषयी वाचीत आहोत याचाच क्षणभर विसर पडतो. जगातील इतर यहुदी ज्या पर्वांना रोश हशाना, योम किप्पूर, पुरीम, पेसह, तिशा बआव अशा हिब्रू नावांनी ओळखतात, त्याच पर्वांची ही कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, नावे आहेत. एलियाहू हन्नाबी हे एक विशेषनाम सोडले तर वर दिलेल्या नावांत हिब्रूचा मागमूस नाही.

या वस्तुस्थितीचा अर्थ काय लावावयाचा, हा प्रश्न आहे. केहिमकरांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या बहुतेक लेखकांनी लावलेला अर्थ परिचित आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, वंशज शतकानुशतके आपला धर्म विसरत गेले, आणि पुढे प्रथम डेव्हिड रहाबी, नंतर कोचीनचे यहुदी आणि अखेरीस एकोणिसाव्या शतकातील शाळा व छापखाने यांच्या साहाय्याने त्यांना तो पुन्हा गवसला, अशी ही कथा आहे. विस्मृती आणि जागृती या दोन शब्दांत ती सामावते. पुढील अभ्यासकांनी आगमनाचा काळ, मार्ग आणि पुरावे यांची कसून छाननी केली. परंतु विस्मृती आणि जागृती ही चौकट बऱ्याच अंशी तशीच राहिली. सणांची मराठी नावे या चौकटीत विस्मृतीचा पुरावा म्हणून येतात. हिब्रू नावे गेली म्हणून मराठी आली, एवढाच त्यांचा अर्थ मानला जातो. प्रस्तुत विवेचनात हा अर्थ तपासावयाचा आहे. नावांची घडण बारकाईने पाहिली तर ती विसरण्याची खूण न ठरता, धर्म कोठे आणि कोणाच्या हाती राखला गेला याची नोंद ठरते, असे दिसून येते.

आरंभीच एक अडचण सांगितली पाहिजे. ही मराठी नावे अभ्यासकांच्या वापरात मुख्यत्वे केहिमकरांच्या रोमन लिपीतील लेखनातून आली आहेत. ऱ्हस्व-दीर्घ, ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतील भेद त्या लेखनात बुजून गेले. ‘दारफाळणी’ यातील उत्तरपद ‘फाळणी’ असेच असेल, तर आजच्या प्रमाण मराठीतील ‘विभागणी’ हा अर्थ तेथे बसत नाही. जमातीने सांगितलेला अर्थ दारे लावून घेण्याचा सण असा आहे. ‘अनाशी ढाकाचा’ याचा उलगडा आंबट पदार्थाचे मडके झाकून ठेवण्याचा सण असा करतात. मराठी बोलणाऱ्या एका जमातीच्या धर्मजीवनातील हे शब्द एका इंग्रजी ग्रंथातून मराठीत परत आणावे लागतात, ही गोष्ट स्वतःच त्या जमातीच्या एकोणिसाव्या शतकातील वाटचालीवर पुरेसा प्रकाश टाकणारी आहे. तिचा विचार पुढे येईलच.

आता नावांकडे वळू. पेसह हा मिसर देशातील दास्यातून झालेल्या सुटकेचा सण. शास्त्राप्रमाणे त्या दिवसांत खमीर घरात ठेवावयाचे नाही. बेने इस्राएलांनी या सणाला दिलेल्या नावात मिसर नाही, मोशे नाही, सुटका नाही. आहे ते एक मडके आणि त्याचे झाकण. प्रथमदर्शनी हा अर्थाचा संकोच वाटतो. परंतु खमिराचा निषेध प्रत्यक्षात अमलात आणणारी व्यक्ती कोण, याचा विचार केला म्हणजे या नावाचे मर्म कळते. ज्या घरात गव्हाची रोटी ही नित्याची गोष्ट नव्हती, भात हे मुख्य अन्न होते, त्या घरात ‘आंबवलेले काही नको’ या आज्ञेचा ठोस अर्थ आंबट पदार्थाचे मडके आठ दिवस बंद करणे हाच होऊ शकतो. म्हणजे आज्ञेचा केवळ शब्द मागे राहिला आणि तिचे पालन मात्र कोकणच्या स्वयंपाकघराला लागू पडेल अशा रीतीने चालू राहिले. पंडिताला यात शास्त्राचा लोप दिसेल. भाषेच्या अभ्यासकाला मात्र येथे एक भाषांतर दिसते. ग्रंथातून नव्हे, तर आचारातून केलेले ते भाषांतर आहे.

बिरड्याचा सण याहून बोलका आहे. आव महिन्याची नववी तिथी ही जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाची, म्हणून शोकाची व उपवासाची. ती आषाढ-श्रावणाच्या सुमारास येते. सोललेल्या मोड आलेल्या वालांचे बिरडे हा कोकणातील त्या दिवसांचा घरोघरचा पदार्थ. उपवास सोडताना बिरडे खावयाचे, म्हणून तो बिरड्याचा सण. कडधान्य आणि शोक यांचा संबंध यहुदी परंपरेला अनोळखी नाही. युरोपातील यहुदी घरांतही या उपवासापूर्वीच्या जेवणात मसुरीला स्थान आहे. त्या संबंधाचा हा अवशेष आहे की श्रावणातील शेजाऱ्यांच्या रीतीचा हा प्रभाव आहे, यावर वाद घालता येईल. पण दोन्ही पर्यायांत एक गोष्ट समान राहते : तिथी चुकलेली नाही. ग्रंथ नाही, पंचांग नाही, मंदिर म्हणजे काय हे सांगणारा गुरू नाही. आणि तरीही वर्षातील तो दिवस स्वयंपाकघराने धरून ठेवला आहे. ज्याला विस्मृती म्हणावयाचे तिच्यात इतकी शिस्त कशी, याचे उत्तर विस्मृतिवादी इतिहासाने दिले पाहिजे.

‘नव्याचा सण’ या नावात मौजेची संदिग्धता आहे. तिश्री महिन्याची पहिली तिथी हा यहुदी वर्षारंभ. तेव्हा ‘नव्याचा’ म्हणजे नव्या वर्षाचा, असे सहज म्हणता येते. पण कोकणात आश्विनी पौर्णिमेला ‘नव्याची पुनव’ म्हणतात आणि तेथे ‘नवे’ म्हणजे नवे भात होय. तिश्री व आश्विन हे महिने एकमेकांच्या आसपासच येतात. त्यातच ‘नव्याचा सण’ या पाठोपाठ ‘नव्याचा रोजा’ आणि त्यानंतर ‘खिरीचा सण’ येतो. नव्या धान्याची नारळाच्या रसात शिजवलेली खीर करावयाची, ऊद जाळावयाचा आणि ‘शमा’ म्हणावयाचा, अशी त्याची रीत केहिमकर नोंदवतात. म्हणजे एकाच विशेषणात वर्ष आणि पीक ही दोन्ही नावीन्ये नांदत होती. त्यांपैकी एकच खरे मानून दुसरे मागाहून चिकटले असे ठरविण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. शब्द दोन घरांत नांदतो तेव्हा तो दोन्ही घरांचा असतो.

शिळा सण हा योम किप्पूरच्या, म्हणजे दारफाळणीच्या, दुसऱ्या दिवसाचा सण होय. आदल्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून, परक्याचा स्पर्श टाळून दिवस घालवावयाचा; दुसऱ्या दिवशी दारे उघडून भेटीगाठी व दानधर्म करावयाचा. सणाच्या दुसऱ्या दिवसाला ‘शिळा’ म्हणण्याची ही पद्धत मराठवाड्यातील वाचकाला परकी वाटू नये. ईदच्या दुसऱ्या दिवसाला दख्खनी बोलणारी माणसे ‘बासी ईद’ म्हणतात, ती हीच घडण. मुख्य दिवसाचे अन्न आणि मुख्य दिवसाचे पावित्र्य ही दोन्ही एकाच विशेषणाने मोजण्याची ती रीत आहे. यहुदी शास्त्रात या दिवसाला वेगळे स्थान नाही. एक दिवस बंद राहिलेले घर दुसऱ्या दिवशी गावाकडे उघडते, ही गरज शास्त्राची नसून शेजाराची आहे. आणि ज्या जमातीची घरे गावोगाव दोन-चार अशी विखुरलेली होती, तिला शेजाराची गरज अधिक होती.

या यादीत मराठीच्या जोडीला फारसी-अरबी शब्दांचा एक थर आहे : रोजा, रमजान, उरूस. विधी करणाऱ्यास ‘काजी’ म्हणत. प्रार्थनामंदिरास ‘मशीद’ म्हणत. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, ज्यांना घरच्या बोलीत सामाजी हसाजी म्हणत, यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेले पहिले प्रार्थनामंदिर जमातीत ‘जुनी मशीद’ या नावाने ओळखले गेले, आणि जवळच्या मस्जिद रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. याउलट डेव्हिड ससून यांनी पुण्यात १८६० च्या दशकात उभारलेल्या विटांच्या भव्य प्रार्थनामंदिराला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणत आले आहेत. एकाच धर्माची वास्तू एका शहरात मशीद आणि दुसऱ्यात देऊळ ठरते. यावरून जमात आधी मुसलमानी व मग हिंदू प्रभावाखाली गेली असा निष्कर्ष काढणे बालिश होईल. पहिले नाव जमातीने स्वतःच्या वास्तूस दिले. दुसरे गावाने परक्याच्या वास्तूस दिले. मूर्ती नसलेल्या, एकाच देवाच्या उपासनेच्या जागेला कोकणातील मराठीत उपलब्ध असलेला शब्द ‘मशीद’ हाच होता. शब्द उसना होता, निवड मात्र नेमकी होती.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) परिसरातील विद्यार्थ्यास हा थर समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. खुलताबादच्या उरुसाला सर्व जातिधर्मांची माणसे जातात आणि कोणी त्या शब्दाचे कूळ विचारीत नाही. जाता जाता एक सावधगिरीची सूचना मात्र येथे देणे योग्य होईल. खुलताबादचे जुने नाव ‘रौजा’. ते अरबीतील उद्यान, आणि त्यावरून समाधिस्थान, या अर्थाच्या शब्दापासून आलेले आहे. उपवासाचा ‘रोजा’ हा फारसीतील दिवसवाचक ‘रोज’ याच्यापासून आलेला. मराठी कानाला दोन्ही जवळजवळ सारखे वाटतात, म्हणून त्यांचे मूळ एक ठरत नाही. बेने इस्राएलांच्या ‘रमजान’ या शब्दाबाबत असाच घोटाळा करण्याचा मोह होतो. तो एलुल महिन्यातील उपवासांना दिलेला शब्द आहे. नाव शेजाऱ्याचे, महिना स्वतःचा. नाव घेतले म्हणजे व्रत घेतले असे होत नाही.

केहिमकरांनी या यादीचा उपयोग निराळ्या कामासाठी केला. जुन्या यादीत हनुक्का नाही. हनुक्का हा मक्काबी विजयानंतरचा सण. अर्थात पूर्वज त्याआधी, इसवी सनपूर्व १७५ च्या सुमारास, पॅलेस्टाइन सोडून निघाले असले पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद आहे. युक्तिवाद चातुर्याचा आहे, पण तो टिकणारा नाही. एखादी गोष्ट यादीत नाही यावरून ती कधीच नव्हती असे ठरत नाही. आणि ज्या यादीत उरूस आहे, रमजान आहे, तिची आजची रचना दोन हजार वर्षे अचल राहिली असे गृहीत धरता येत नाही. यादी हा थरांचा पुरावा आहे. केहिमकरांनी तिला तारखेचा पुरावा बनविले. त्यांना तसे करावेसे का वाटले हे समजण्यासारखे आहे. आपली जमात प्राचीन व शुद्ध आहे हे तिच्या बाहेरच्या यहुद्यांना पटवून देणे हे त्यांच्या पिढीचे काम होते. पण त्या भरात त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलेल्या शब्दांचे मोल त्यांच्या नजरेतून निसटले.

डेव्हिड रहाबींची कथाही याच दृष्टीने पुन्हा वाचावयास हवी. केहिमकरांच्या परंपरेप्रमाणे ती सुमारे हजार वर्षांपूर्वीची. इतर अभ्यासक तिचा संबंध अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी लावतात. कथा अशी की, ही माणसे यहुदी आहेत काय याची परीक्षा पाहण्यासाठी रहाबींनी तेथील स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पंख व खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही असे सांगितले. या कथेकडे धर्मजागृतीचा आरंभ म्हणून पाहिले जाते. पण परीक्षा घेतली गेली ती कशाची? ग्रंथाची नव्हे. परीक्षा झाली ती माशांच्या पाटीपुढे, आणि उत्तीर्ण झाल्या त्या स्त्रिया. रहाबींनी पुढे तिघांना शिकवून काजी केले, असे कथा सांगते. ते तिघेही पुरुष होते. मासे निवडणाऱ्या हातांकडून धर्माची सूत्रे वाचणाऱ्या हातांकडे गेली, आणि इतिहासाने या हस्तांतराला जागृती हे नाव दिले.

कथा बाजूला ठेवून लेखी पुरावा पाहिला तरी चित्र असेच दिसते. १७६८ मध्ये कोचीनच्या इझिकिएल रहाबींनी ॲमस्टरडॅमला धाडलेल्या पत्रात मराठी मुलखातील या तेल गाळणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे. ‘शमा’ आणि शनिवारची विश्रांती यापलीकडे त्यांना काही ठाऊक नाही, असा त्याचा आशय आहे. पत्रलेखक विद्वान आहे. त्याला जे नाही ते प्रथम दिसते. गावातील शेजाऱ्यांना मात्र जे आहे ते दिसत होते. त्यांनी या जमातीला ‘शनवार तेली’ म्हटले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, असा त्याचा अर्थ. ते नाव जमातीने स्वतः घेतलेले नाही. ते दुसऱ्यांनी दिलेले आहे, आणि म्हणूनच त्याची साक्ष अधिक वजनदार आहे. आठवड्यातील एक दिवस कमाई सोडावयाची, तीही हातावर पोट असलेल्या धंद्यात, आणि ती इतक्या नेमाने की गावाने त्यावरूनच ओळखावे.

एकोणिसाव्या शतकात हे सर्व पालटले. कोचीनहून १८२६ च्या सुमारास शिक्षक आले. अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळांत बेने इस्राएलांची मुले शिकली आणि माणसे शिक्षक म्हणून लागली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. हेतू धर्मांतराचा होता. तो फारसा साधला नाही, पण व्याकरण उरले. मराठी माणसाने आपल्या पूर्वजांची भाषा मराठीच्या माध्यमातून शिकावी, आणि त्यासाठीचे पुस्तक एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने लिहावे, असा हा चमत्कारिक योग होता. मुंबईत १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह हगादा शिळाप्रेसवर छापली गेली. पुण्यात १८७४ मध्ये मोझेस जेकब तळकर व अहरोन बिन्यामिन दिवेकर यांची सचित्र हगादा निघाली. तिच्यातील एका चित्रात मराठमोळ्या वेशातील स्त्रिया जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. हिब्रू मूळ, शेजारी मराठी भाषांतर आणि वर हे चित्र. चित्रकाराने तरी अनाशी ढाकाच्या सणाची मालकी कोणाकडे होती हे ओळखले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

या काळाचे खरे शिल्पकार जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) होत. मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे ते चार दशके मुख्याध्यापक होते आणि यहुदी उपासनेतील वीसेक पुस्तके त्यांनी मराठीत आणली. त्यांच्या कार्याची तुलना युरोपातील घडामोडींशी करून पाहावी. अठराव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये मोझेस मेंडेल्सोन यांनी तोरा जर्मन भाषेत पण हिब्रू लिपीत आणली. १८१८ मध्ये हॅम्बुर्गच्या नव्या मंदिरात जर्मनमधून प्रार्थना होऊ लागल्या. तेथे आधुनिकता म्हणजे हिब्रूकडून देशी भाषेकडे जाणे होते. गल्लीत कोंडलेला यहुदी नागरिक होऊ पाहत होता. कोकणातील यहुदी गल्लीत कधी कोंडलेलाच नव्हता. त्याची भाषा, वेश, आडनाव ही गावाचीच होती. केहीम, राजपुरी, दिवे, तळे या गावांना ‘कर’ लागून ती आडनावे झाली होती. त्याच्यापुढे आधुनिक होणे म्हणजे मराठीकडून हिब्रूकडे जाणे असे उभे राहिले. दोन्ही प्रवास एकाच शतकातील, दिशा मात्र परस्परविरुद्ध. यहुदी धर्म आणि आधुनिक जीवन यांचा विचार करताना युरोपचा नमुना सार्वत्रिक मानण्याची जी सवय आहे, तिला हा छेद आहे.

राजपूरकरांच्या भाषांतरांनी मराठीला एका नव्या धर्मसाहित्याची भर दिली यात शंका नाही. पण भाषांतराचा परिणाम दुहेरी होता. हिब्रू आणि मराठी समोरासमोर छापली गेली तेव्हा मराठी ही ‘अर्थ’ झाली आणि हिब्रू ‘मूळ’ झाली. त्याआधी अनाशी ढाकाचा सण हा कशाचा अर्थ नव्हता. तोच मूळ होता. आता तो पेसहचा ग्राम्य पर्याय ठरला, आणि सुशिक्षित घरांतून हळूहळू मागे पडला. केहिमकरांचा ग्रंथ लिहिला जात होता तेव्हा ही क्रिया चालू होती. म्हणूनच त्यांना ती नावे ‘जुनी’ म्हणून नोंदवावी लागली. बायबलच्या मराठी भाषांतरांनी घडविलेली जी संस्कृतप्रचुर धर्मभाषा मिशनऱ्यांनी रूढ केली होती, तिच्या सहवासात ‘बिरडे’ आणि ‘शिळा’ या शब्दांना उभे राहणे अवघडच होते.

याच काळात एक उलट प्रवाहही वाहिला, आणि त्याची दखल न घेणे अन्यायाचे होईल. १८८० नंतर बेने इस्राएलांत कीर्तनाची प्रथा सुरू झाली. हरिदासी कीर्तनाचा बाज घेऊन, साकी, दिंडी, आर्या, ओवी अशा वृत्तांत अब्राहाम, योसेफ यांची आख्याने रचली गेली व गाइली गेली. शेजाऱ्यांचे कीर्तन ऐकूनच हा रूपबंध घेतला गेला, हे उघड आहे. ज्या पिढीने हिब्रू शिकली त्याच पिढीने हे केले, ही गोष्ट लक्षणीय आहे. म्हणजे ग्रंथ हाती आल्यावर तो नुसता वाचून भागत नाही, तो ऐकावा लागतो, आणि ऐकण्याची भाषा मराठीच आहे, हे तिने जाणले होते. पैठणच्या नाथांच्या परंपरेत वाढलेल्या मराठवाड्यातील वाचकाला याचे आश्चर्य वाटणार नाही. संस्कृतातील ग्रंथ मराठीत आणल्यावरही नाथांना भारुडाची गरज भासलीच होती. फरक एवढाच की नाथांचा श्रोता गावभर होता, बेने इस्राएलांचा श्रोता जमातीपुरता राहिला. आणि जमातच पुढे विरळ झाली.

घरगुती धर्माची बाजू मांडताना त्याचे गोडवे गाण्याचा मोह टाळला पाहिजे. ग्रंथ हाती नसलेल्या जमातीला बाहेरच्या जगात आपले म्हणणे मांडता येत नाही, हे सत्य आहे. आणि हिब्रूच्या शिक्षणाने तिला ती शक्ती दिली. शाळेमुळे स्त्रियांचीही वाट मोकळी झाली. १९२५ मध्ये मुंबईत सुधारणावादी यहुदी धार्मिक संघ स्थापन करण्यात पुढाकार घेतला तो डॉ. जेरुशा झिराड या एका स्त्रीवैद्यानेच. मासे निवडण्यापासून संघ स्थापण्यापर्यंतचा हा पल्ला लहान नाही. मात्र त्या सुधारणेच्या उपासनेत हिब्रूच्या जोडीला प्राधान्याने इंग्रजी आली, मराठी नव्हे. घरगुती शब्द जेथून आले त्या स्त्रियांची पुढची पिढी व्यासपीठावर आली तेव्हा ते शब्द तिच्यासोबत आले नाहीत.

आणि ज्या ग्रंथनिष्ठ कसोटीसाठी हे सर्व केले गेले, ती कसोटी तरी शेवटी पुरेशी ठरली काय? १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलमध्ये स्थायिक होऊ लागले. १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बी इत्झहाक निस्सिम यांच्या कारकिर्दीत असे निर्देश निघाले की, इतर यहुद्यांशी त्यांचा विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची, विशेषतः आईकडील पिढ्यांची, चौकशी करावी. काडीमोड व विधवेच्या पुनर्विवाहाचे शास्त्रोक्त नियम या लोकांनी शतकानुशतके पाळले असतील काय, हा त्यामागचा संशय होता. म्हणजे केहिमकरांच्या इतिहासातील ‘विस्मृती’ हाच आता आरोप झाला होता. जमातीने निदर्शने केली, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. त्यानंतर रब्बींच्या निर्देशांतून जमातीचे नाव वगळले गेले. या वादात कागद मागितले गेले, वंशावळी मागितल्या गेल्या. शनिवारी बंद राहिलेल्या घाण्याला कागद नसतो. जमातीच्या आधीच्या पिढ्यांनी स्वतःच्या आचाराला पुरावा म्हणून मांडण्याऐवजी उणीव म्हणून मांडले होते. त्याची किंमत या वेळी पडली, असे म्हटले तर ते फार कठोर होणार नाही.

भारतात १९५१ च्या जनगणनेत सर्व यहुद्यांची संख्या सव्वीस हजारांवर होती. २०११ मध्ये ती साडेचार हजारांच्या आसपास उरली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. बहुसंख्य बेने इस्राएल आज अश्दोद, लोद, रामला, दिमोना, बीरशेबा अशा गावांत आहेत. तेथे ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक १९८० च्या दशकात निघाले, हे अनेकांस ठाऊक आहे. येथे आणखी एक उलटापालट घडते. कोकणात ज्या जमातीची वेगळी ओळख हिब्रूच्या चार शब्दांत होती, तिची इस्राएलमधील वेगळी ओळख मराठीत आहे. हिब्रू तेथे भाजीवालाही बोलतो. परिणामी जी नावे मुंबईच्या सुशिक्षित घरांत ग्राम्य ठरली होती, त्यांच्याविषयीची आस्था आता जमातीच्या तिसऱ्या पिढीत हिब्रूतून व्यक्त होताना आढळते.

एलियाहू हन्नाबीचा उरूस हे याचे चांगले उदाहरण होय. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर संदेष्टा एलिया उतरला व तेथूनच त्याचा रथ आकाशात गेला, अशी जमातीची श्रद्धा आहे. त्या खुणेला ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात. शेवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला हा उरूस येतो. इतर यहुदी ती तिथी झाडांचा वर्षारंभ म्हणून पाळतात आणि फळे खातात. बेने इस्राएल त्या दिवशी, तसेच लग्नाआधी, नवस फेडताना व संकट टळल्यावर, मलिदा करतात : भिजवलेले गोड पोहे, खोबरे, त्यावर फळे, तबकाभोवती पुरुष बसून एलियाहूची आळवणी हिब्रूत म्हणतात. ‘मलिदा’ हा शब्द फारसी, पोहे कोकणचे, संदेष्टा शास्त्रातला, विधी शास्त्रात कोठेही नाही. राजपूरकरांच्या पिढीला हे तबक भाषांतरात बसविता आले नाही आणि गाळताही आले नाही. आज ते दिमोनाच्या वाळवंटातील घरांतही मांडले जाते, आणि पोहे भिजविण्याचे काम अजूनही घरातील वडीलधाऱ्या बाईकडेच असते.